मोती, मोहरा आणि खुर्दा

आम्हां कुकटपल्लीकर मराठी मंडळींच्या दिवाणखान्यात एक चित्र बहुधा असतेच. उधळलेला घोडा, तलवार उपसलेला सेनानी, मागे फडकणारा भगवा. घोड्याच्या टापांखालची जमीन मात्र स्वच्छ! तिथे ना रक्त, ना प्रेत. लढाईत मेले ते कुठे गेले, हा प्रश्न मुले विचारीत नाहीत, कारण आपल्यालाही तो कधी पडला नाही.

पानिपतचे एक चित्र लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. फैजाबाद शैलीतले, म्हणजे अब्दालीला मिळालेल्या शुजाउद्दौलाच्या मुलखातले. १७६१ च्या त्या संग्रामानंतर सुमारे दहा वर्षांनी ते रंगवले गेले. तोफांच्या दोन कमानदार रांगा समोरासमोर आग ओकत आहेत, मधे धूर आणि संहार. पण नजर ठरते ती घोड्यावरच्या अब्दालीवर. बाकीची माणसे म्हणजे नुसती दाटी.

हा दोष एकट्या जेत्यांचा नव्हे. पानिपतची वार्ता आपल्याकडे आली ती दोन मोती गळाल्याची आणि सत्तावीस मोहरा हरवल्याची. खुर्द्याची मोजदादच नव्हती! चित्रकाराने रंगांत केले तेच आपण शब्दांत केले.

याउलट रशियाचा वेरेश्चागिन पाहा. हा स्वतः तुर्कस्तानच्या मोहिमेत रणांगणावर वावरलेला. १८७१ च्या त्याच्या गाजलेल्या चित्रात सेनापतीच नाही. ओसाड माळावर कवट्यांचा ढीग आणि वर कावळे, एवढेच. ते चित्र त्याने सर्व थोर विजेत्यांना अर्पण केले. झालेल्या, असलेल्या आणि होणाऱ्याही. खुर्दा मोजणारा चित्रकार तो हा.

हैदराबादेत राहणाऱ्या आपल्याला तर ही मोजदाद अधिकच जवळची. ११ मार्च १७९५ रोजी खर्ड्याला पेशव्यांनी निजामाचा पराभव केला. पण निजामाच्या फौजेतही मराठे सरदार होते. म्हणजे त्या माळावर दोन्हीकडून मराठीतच आईला हाका गेल्या असतील. त्यांतला आपला कोणता आणि परका कोणता?

भिंतीवरचे चित्र उतरवा, असे माझे म्हणणे नाही. शौर्य खरेच होते आणि ते मुलांना सांगायलाच हवे. फक्त सांगताना बोट एकदा घोड्याच्या टापांखालीही न्यावे, आणि चित्रकाराने तिथे काय गाळले, तेही सांगावे.