पेटंट कार्यालयाशी इलेक्ट्रॉनिक पत्रव्यवहार : पेटंट नियमावलीतील नियम ६ ची चिकित्सा

महाराष्ट्रातील अर्जदाराच्या पेटंट अर्जावर अधिकारक्षेत्र असते ते मुंबई येथील पेटंट कार्यालयाचे. वाळूज, चिकलठाणा व शेंद्रा या औद्योगिक वसाहतींमुळे तसेच डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या संशोधन परंपरेमुळे छत्रपती संभाजीनगर परिसरात नवशोधांची वानवा नाही. अंतराची अडचण मात्र कायम राहिली. ज्याचा अर्ज आधी त्याचा अग्रहक्क, हे पेटंट कायद्याचे सूत्र असल्याने टपालाच्या फेऱ्यात गेलेला एक दिवसही महाग पडू शकतो. ही अडचण दूर करण्याच्या हेतूने इलेक्ट्रॉनिक पत्रव्यवहारास कायदेशीर मान्यता देण्यात आली. प्रस्तुत लेखात या मान्यतेचे स्वरूप आणि तिच्यातील उणिवा तपासल्या आहेत.

माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० अन्वये इलेक्ट्रॉनिक अभिलेख व डिजिटल स्वाक्षरी यांना वैधता प्राप्त झाली. पेटंट नियमावली, २००३ मधील नियम ६ ने अधिप्रमाणित इलेक्ट्रॉनिक पारेषण हा दस्तऐवज सादर करण्याचा एक मार्ग म्हणून मान्य केला. परंतु प्रत्यक्ष ऑनलाइन अर्जाची सोय २० जुलै २००७ रोजी सुरू झाली. नियम आधी आणि यंत्रणा मागून, हा आपल्या प्रशासनाचा नेहमीचाच क्रम येथेही दिसतो. २०१४ च्या दुरुस्तीने कागदी अर्जासाठी सुमारे दहा टक्के जादा शुल्क लावले. वैयक्तिक अर्जदारास ऑनलाइन अर्जासाठी १,६०० रुपये, तर कागदी अर्जासाठी १,७५० रुपये पडतात. फरक किरकोळ असला तरी धोरणाची दिशा त्यातून स्पष्ट होते.

खरे वळण १६ मे २०१६ च्या दुरुस्तीचे. तिने पेटंट अभिकर्त्यास सर्व दस्तऐवज केवळ इलेक्ट्रॉनिक मार्गानेच दाखल करण्याचे बंधन घातले. गंमत अशी की, मुळात कागदावर असणे आवश्यक असलेले दस्तऐवज पंधरा दिवसांत प्रत्यक्ष सादर करणेही तिने सक्तीचे केले. म्हणजे टपाल बंद झाले नाही. ते दुसऱ्या पायरीवर गेले. २०१९ च्या दुरुस्तीने मूळ प्रत केवळ मागणी झाल्यासच द्यावी अशी तरतूद केली आणि ही विसंगती दूर झाली. स्वतः अर्ज करणाऱ्या व्यक्तीस कागदाचा मार्ग आजही खुला आहे.

अर्जदाराकडून कार्यालयाकडे जाणारी वाट अशी सुकर झाली. कार्यालयाकडून अर्जदाराकडे येणाऱ्या वाटेचे तसे म्हणता येत नाही. नियम ६ नुसार सूचनेची तारीख म्हणजे ती रवाना केल्याची तारीख. ती हाती पडल्याची नव्हे. प्रथम परीक्षण अहवालातील आक्षेपांची पूर्तता करण्याची मुदत अहवाल निर्गमित झाल्यापासून मोजली जाते. २०१६ च्या त्याच दुरुस्तीने ही मुदत बारा महिन्यांवरून सहा महिन्यांवर आणली. तीन महिन्यांची मुदतवाढ मिळू शकते, पण ती मागावी लागते. मुदतीत पूर्तता न झाल्यास कलम २१ अन्वये अर्ज सोडून दिल्याचे मानले जाते.

येथे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम १३ लक्षात घेण्यासारखे आहे. ते रवानगी आणि प्राप्ती यांचा स्वतंत्र विचार करते. पेटंट नियमावली मात्र रवानगीवर थांबते. विलंब माफ करण्याची तरतूद आहे. तथापि ती माफी दस्तऐवज नेहमीच्या क्रमाने मिळावयास हवा होता तो दिवस आणि प्रत्यक्ष मिळाल्याचा दिवस यांमधील कालावधीपुरतीच मर्यादित आहे. टपालाच्या पाकिटावर शिक्का असे, पोचपावती असे. अनावश्यक संदेशांच्या कप्प्यात जाऊन पडलेला ई-मेल मिळाला नाही, हे अर्जदाराने कशाच्या आधारे सिद्ध करावे?

न्यायालयांनी हा प्रश्न अंशतः हाताळला आहे. फरीद अल्लानी प्रकरणात २००८ साली दिल्ली उच्च न्यायालयाने, अर्ज सोडून देणे ही जाणीवपूर्वक केलेली कृती असावी लागते, अशी भूमिका घेतली. युरोपीय संघाच्या प्रकरणात २०२२ साली त्याच न्यायालयाने अभिकर्त्याच्या हलगर्जीपणाची शिक्षा अर्जदारास होऊ दिली नाही. परंतु असा दिलासा रिट याचिकेतून मिळतो. युरोपीय संघास ती परवडते. जिल्ह्याच्या महाविद्यालयातील अध्यापकास परवडेलच असे नाही.

अध्यापकांचा मुद्दा येथे विशेष महत्त्वाचा ठरतो. २०२१ च्या दुरुस्तीने शैक्षणिक संस्थांचे शुल्क ऐंशी टक्क्यांनी कमी झाले. संस्थेचा अर्ज बहुधा अभिकर्त्यामार्फत जातो आणि पत्रव्यवहार त्याच्याच ई-मेलवर येतो. संशोधक त्या साखळीबाहेर राहतो. अर्ज प्रसिद्ध झाला की मूल्यांकनाच्या तक्त्यात नोंद होते आणि पुढचे परीक्षण कोणी विचारीत नाही, हाही आपलाच दोष मानला पाहिजे. शिवाय नियम ९ नुसार दस्तऐवज हिंदी वा इंग्रजीतच हवेत. मराठीत विचार करणाऱ्या कारागिराला यंत्रणा कितीही जलद झाली तरी मध्यस्थ लागतोच.

२०१६ च्या दुरुस्तीने नियम ६ मध्ये आणखी एक भर घातली. युद्ध, संप, नैसर्गिक आपत्ती यांच्या जोडीला परिसरातील इलेक्ट्रॉनिक संपर्कसेवेची सर्वसाधारण अनुपलब्धता हेही विलंबमाफीचे कारण मानले गेले. तरतूद स्तुत्य आहे, पण ‘सर्वसाधारण’ या शब्दाने तिची धार बोथट केली. संपूर्ण परिसराची सेवा ठप्प झाली तर संरक्षण मिळते. एखाद्या गावातील एकाच संशोधकाची जोडणी मुदतीच्या अखेरच्या दिवशी तुटली, तर या तरतुदीचा आधार त्याला मिळत नाही.