न्हाव्याचं काय?

मॅथ्यू लोपेझच्या 'द इन्हेरिटन्स' (2018) या नाटकात इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर 'मॉर्गन' होऊन रंगमंचावर येतो आणि आजच्या न्यूयॉर्कमधल्या समलिंगी तरुणांना त्यांची गोष्ट कशी सांगायची ते शिकवतो. पुढे हीच पोरं त्याला जाब विचारतात : 'मॉरिस' लिहून दडवून का ठेवलीत? सवाल वाजवी आहे. 1913-14 मधली समलिंगी प्रेमाची ही कादंबरी छापली गेली 1971 मध्ये, लेखक वारल्यानंतर. पण फॉर्स्टरचा गुन्हा कोणता, तर मौन, यावरच खटला आटोपतो. याचीच मला चीड येते.

साहित्यात समलिंगी ओढ शोधणाऱ्या क्वीअर वाचनाला माझा विरोध नाही. जेन ऑस्टिन बहिणीच्या खोलीत का झोपायची यावर रंगलेले वाद सोडून देऊ. हेन्री जेम्सच्या पत्रांतली आलिंगनं मोजणाऱ्यांनाही शुभेच्छा. फॉर्स्टरच्या बाबतीत मात्र या वाचनाने खरोखर डोळे उघडले. लेखक एडवर्ड कार्पेंटरच्या घरी त्याचा जोडीदार जॉर्ज मेरिल याने फॉर्स्टरच्या कमरेखाली सहज हात लावला आणि त्या स्पर्शातून 'मॉरिस' सुचली, हे फॉर्स्टरनेच लिहून ठेवलंय. हे कळल्यावर त्याच्या कादंबऱ्यांतले स्पर्श वेगळे दिसू लागतात. 'अ पॅसेज टु इंडिया' (1924) ज्याच्यावर फॉर्स्टरचं प्रेम होतं त्या सय्यद रॉस मसूदला अर्पण केलेली आहे. शेवटी हिंदी अझीझ आणि त्याचा इंग्रज मित्र फील्डिंग घोड्यांवरून एकमेकांना भिडू पाहतात, आणि घोडे, वाट, देऊळ, आभाळ, सगळं मिळून त्यांना दूर सारतं. हा प्रसंग आता निव्वळ साम्राज्याचं रूपक म्हणून वाचताच येत नाही. तिथे एक माणूस दुसऱ्याला मुकतोय.

पण मग देवासला या.

1921 मध्ये फॉर्स्टर देवास थोरल्या पातीत तुकोजीराव पवारांचा खासगी सचिव होता. मराठ्यांचं संस्थान, महाराज कोल्हापूरच्या शाहूंचे जावई. तिथली गोकुळाष्टमी त्याने डोळे भरून पाहिली आणि 'अ पॅसेज टु इंडिया'च्या शेवटच्या भागात ओतली. म्हणून तर प्राध्यापक गोडबोले तिथे टाळ घेऊन तुकारामाचं नाव आळवतात. त्याच राजवाड्यात एक न्हावी होता. फॉर्स्टर त्याचं नाव 'कनया' असं लिहितो. मूळ नाव कन्हैयाच असणार. साहेबाची पुरुषांची ओढ ओळखून महाराजांनीच या न्हाव्याशी शरीरसंबंधाची सोय लावून दिली. पुढे न्हावी बाहेर बोलला, साहेबाने त्याच्या कानशिलात लगावली. संबंध तुटला नाही. त्यात दुखवण्याची इच्छा मिसळली. हेही फॉर्स्टरनेच एका टिपणात लिहिलंय. 'द हिल ऑफ देवी' (1953) मध्ये यातलं अवाक्षर नाही. ते टिपण छापून आलं 1983 मध्ये.

डेमन गॅलगटने 'आर्क्टिक समर' (2014) या कादंबरीत हा न्हावी नजरेआड केला नाही, म्हणून मला ती अनेक चरित्रांहून मोलाची वाटते. एरवी काय होतं? अलेक्झांड्रियाचा ट्राम कंडक्टर मोहम्मद, लंडनचा पोलीस बॉब बकिंगहॅम यांच्या कहाण्या वर्गाची भिंत ओलांडणारं प्रेम म्हणून मिरवतात आणि देवासचा प्रसंग एक लाजिरवाणी घसरण म्हणून उरकला जातो. घसरण कसली? दरबारचा नोकर, समोर महाराजांचा गोरा सचिव, मध्ये खुद्द महाराज. यात 'नाही' म्हणायला जागा कुठे होती? ते टिपण पुन्हा वाचा : लेखकाला काळजी आहे ती या सगळ्याने आपलं काय बिघडलं याची. न्हाव्याला काय वाटलं, हा प्रश्न तिथे नाहीच.

कुणी म्हणेल, समलिंगी माणसाला आधीच बदनामी कमी आहे का, त्यात आणखी भर कशाला? हा युक्तिवाद मला मान्य नाही. ज्या वाचनाने दडपलेल्यांची बाजू घेतली, त्याने दडपलेल्यांत कोण बसतं हे साहेबाच्या सोयीने ठरवायचं का? संत करून ठेवलेला फॉर्स्टर कुणाच्याच कामाचा नाही. त्याचं मोठेपण असं, की स्वतःविरुद्धचा पुरावा त्याने लिहून जपून ठेवला. तो वाचायची तसदी आपण घ्यायची.

'मॉरिस'चा शेवट सुखाचाच हवा, यावर तो अडून बसला होता. म्हणून मॉरिसला अ‍ॅलेक मिळाला. रानाची राखण करणारा, म्हणजे नोकरच. देवासलाही नोकरच होता. त्याला मिळाली कानशिलात. फॉर्स्टरची क्वीअर समीक्षा लिहायची, तर मला वाटतं सुरुवात इथून करावी.