‘३७ टक्के घट’ वाचताना: केमिकल कॅस्ट्रेशनच्या पुराव्याची तपासणी



ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरचं प्रकरण उघडकीस आलं, तेव्हा राजारामपुरीतल्या चहाच्या टपरीवर एकच चर्चा होती: “असल्यांना इंजेक्शन द्या, विषय संपवा.” डिसेंबरमध्ये तशीच मागणी असलेली याचिका सर्वोच्च न्यायालयात पोहोचली. राग मलाही होताच. पण आपण संशोधन करायला निघालोय, तेव्हा आधी पुरावा बघू.

पहिली गोष्ट, ही नसबंदी नव्हे. सायप्रोटेरॉन, ल्युप्रोलाइड यांसारखी औषधं टेस्टोस्टेरॉनची निर्मिती किंवा परिणाम कमी करतात, त्यामुळे लैंगिक इच्छा मंदावते. औषध बंद केलं की परिणाम बहुधा ओसरतो. दीर्घकाळ घेतलं तर हाडं ठिसूळ होऊ शकतात.

आता तो गाजलेला आकडा. लोझेल आणि श्मुकर यांनी २००५ मध्ये ६९ अभ्यास एकत्र केले. पुन्हा लैंगिक गुन्हा करणारे उपचार घेतलेल्यांत ११.१ टक्के, न घेतलेल्यांत १७.५ टक्के. म्हणजे ‘३७ टक्के घट’! पण वजाबाकी करून बघा: फरक ६.४ चा. साधारण १६ जणांवर उपचार केले, तर एकाचा गुन्हा टळतो. शिवाय हा आकडा मानसोपचारांसह सगळ्या उपचारांचा आहे.

नुसते हार्मोनचे अभ्यास वेगळे काढले तर परिणाम आणखी मोठा दिसतो. फसगत इथेच होते. औषधासोबत बहुधा मानसोपचारही चालू असतो. औषध घ्यायला जो स्वतः तयार होतो, तो नकार देणाऱ्यापेक्षा मुळातच वेगळा असतो. मग श्रेय इंजेक्शनला द्यायचं की त्याच्या तयारीला?

२०१५ च्या कॉक्रेन आढाव्यात औषधांच्या फक्त ७ चाचण्या सापडल्या. माणसं एकूण १३८, आणि सगळ्या चाचण्या वीस वर्षांहून जुन्या. लोझेल-श्मुकर यांनी २०१७ मध्ये निकष कडक केले, तेव्हा हार्मोनचा एकही अभ्यास त्यात बसला नाही. २०२० मध्ये स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेची डेगारेलिक्स चाचणी आली. रचना उत्तम: यादृच्छिक विभागणी, प्लासिबो, ५२ पुरुष. दोन आठवड्यांत जोखमीचा गुणांक घटला. पण ते स्वतःहून मदत मागायला आलेले होते, आणि मोजली गेली ती जोखीम, गुन्हा नव्हे.

म्हणून माझा आक्षेप औषधावर नाही, निष्कर्षाच्या उडीवर आहे. राजी असलेल्या माणसाची इच्छा कमी होते, एवढं दिसतं. सक्तीने दिल्यास बलात्कार थांबतील, हे यातून निघत नाही. तसंच ‘औषध निरुपयोगी आहे’ हेही सिद्ध होत नाही, बरं का! वर्मा समितीने २०१३ मध्येच हा उपाय नाकारला. बलात्काराची सामाजिक मुळं त्याने हलत नाहीत, हे तिचं एक कारण होतं. सत्ता आणि दहशतीसाठी होणारा गुन्हा टेस्टोस्टेरॉनच्या पातळीत मोजायचा कसा?

पुढचा पेपर हातात घ्याल तेव्हा तीन प्रश्न विचारा. तुलना कुणाशी केली? मोजलं काय? आणि ज्यांच्यावर कायदा लागू होणार, तशी माणसं त्या अभ्यासात होती का? उत्तर चुकीचं निघालं, तर ‘विषय संपला’ म्हणून आपण गाफील राहू, आणि त्याची किंमत एखादी मुलगी मोजेल.