निळी वर्तुळे आणि कानातला आवाज

लंडनच्या जुन्या घरांवर स्मृतिफलक लावण्याची प्रथा १८६६ साली सोसायटी ऑफ आर्ट्सने सुरू केली. पहिला फलक १८६७ मध्ये कवी बायरनच्या जन्मघरावर लागला. ते घर १८८९ साली जमीनदोस्त झाले. आज इंग्लिश हेरिटेज ही संस्था हे कार्य चालविते. नाव, सन आणि कार्य एवढ्यावरच थांबणारा हा फलक आम्ही वाङ्मयाचा एक लघुतम प्रकार मानतो, आणि म्हणूनच त्याची समीक्षा व्हावयास हवी.

मैडा व्हेल भागातील हॉवली प्लेस येथील फलक लोकमान्य टिळकांना देशभक्त व तत्त्वज्ञ म्हणतो आणि १९१८-१९ मधील त्यांच्या वास्तव्याची नोंद करतो. परंतु टिळक तेथे का गेले? व्हॅलेंटाइन चिरोलविरुद्धचा अब्रुनुकसानीचा दावा लढविण्यासाठी. तो दावा ते हरले. ही व्यथा फलकाच्या वर्तुळात मावत नाही.

मार्बल आर्चजवळ, वाहनांच्या गर्दीत, टायबर्नच्या वधस्थानाची खूण सांगणारी एक गोल शिळा आहे. तिच्यावर स्थळाचे नाव आहे, माणसांची नावे नाहीत. याच ठिकाणी १५८१ साली एडमंड कॅम्पियन व १६८१ साली आर्चबिशप ऑलिव्हर प्लंकेट यांनी श्रद्धेसाठी प्राण दिले.

अशा वेळी ध्वनिमार्गदर्शक उपयोगी पडतो. १९५२ साली ॲम्स्टरडॅमच्या श्टेडेलिक संग्रहालयात ही सोय प्रथम झाली. फलकाने गाळलेले तो सांगू शकतो. मात्र त्याचा दोषही तेथेच दडलेला आहे: कोठे थांबावे, कशाने गहिवरावे, हेही तोच ठरवितो. टायबर्नच्या शिळेपुढे मौन हवे असते, आणि कानात मात्र निवेदन चालू राहते.

याहून मोठी उणीव निवडीची आहे. २०१८ च्या सुमारास लंडनच्या या फलकांपैकी सुमारे १४ टक्केच स्त्रियांच्या नावे होते. १९४४ साली डाखाउच्या छळछावणीत मारली गेलेली नूर इनायत खान हिच्या घराला फलक मिळाला तो २०२० साली. ज्या घराला फलकच नाही, त्या घरापुढे मार्गदर्शकाचा आवाजही सहसा थांबत नाही.

म्हणून आमचे मत असे: फलकाने प्रश्न जागवावा, आवाजाने त्याचे उत्तर अर्धेच द्यावे, आणि उरलेले अर्धे वाटसरूने स्वतः शोधावे. शहराचा वारसा ऐकून संपत नाही. तो विचारीत राहावा लागतो.