श्रोत्याची जागा

चातुर्मासात दुपारची जेवणे उरकली की आजी चौरंगावर पोथी मांडायची आणि मला हाक मारायची. तिला अक्षरओळख नव्हती. मी तिसरीत होतो. वाचणारा नातू आणि ऐकणारी आजी. मांडीवर नातवंड घेऊन वाचून दाखवणाऱ्या आजोबांचे जे चित्र आपल्या मनात असते, त्याच्या हे नेमके उलटे. पुष्कळ मराठी घरांत हा उलटा प्रकार चालत असे. बालवाचनाची चर्चा करताना मात्र आपण त्याची दखल घेत नाही, ही माझी जुनी तक्रार आहे.

पोथी श्रीधरांची, ‘पांडवप्रताप’. 1712 साली पूर्ण झालेला, 64 अध्यायांचा ग्रंथ. आमच्या पोथीचा छाप जुना होता. शब्द तोडलेले नाहीत, अक्षरांची सलग रांग, ओवी संपली की दोन दंड आणि आकडा. कुठे थांबायचे ते वाचणाऱ्याने ठरवायचे. एकदा ‘मगधराज’ हा शब्द मी ‘मग धराज’ असा वाचला. वाती वळणारे आजीचे हात थांबले. “मग नव्हे रे, मगध. जरासंधाचा देश तो.” तिने ती कथा कितीतरी चातुर्मास ऐकलेली होती. अक्षरे माझ्याकडे होती, अर्थ तिच्याकडे. ती पोथी दोघांपैकी कुणालाच एकट्याने वाचता आली नसती.

या वाचनामुळे ओवीकडे पाहण्याची माझी दृष्टी बदलली. ओवीच्या पहिल्या तीन चरणांना यमक असते, चौथा आखूड आणि मोकळा. सलग छापलेल्या पानावर हे यमकच विरामचिन्हाचे काम करते. चरण चुकीच्या जागी तोडला की डोळ्याआधी कान अडखळतो, आणि कान तर आजीचे होते. श्रीधर वरचेवर श्रोत्यांना उद्देशून बोलतात, त्याला कॉलेजात मी पाल्हाळ म्हणत असे. आता म्हणणार नाही. तो मजकूर ऐकणाऱ्यासाठी राखून ठेवलेली जागा आहे.

हीच जागा गद्यात शोधताना मला ‘श्यामची आई’ आठवते. साने गुरुजींनी हे पुस्तक फेब्रुवारी 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहायला घेतले. त्यातल्या प्रकरणांना ‘रात्र’ म्हटले आहे, कारण श्याम ती रात्री आश्रमातल्या सोबत्यांना सांगतो. म्हणजे श्रोते पुस्तकातच बसलेले आहेत. इंग्रजी माध्यमातल्या माझ्या नातीसाठी आणलेल्या एका संक्षिप्त आवृत्तीत नेमके हे श्रोतेच गाळले होते! पाने वाचली खरी, पण श्याम कुणाशी बोलतो आहे तेच कळेना. मग मी कपाटातली पूर्ण प्रत काढली. जोडाक्षराला अडखळत ती वाचते, मी ऐकतो.

तरी श्रीधर आणि गुरुजी यांच्यात एक फरक उरतो, आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. श्यामचे श्रोते गहिवरतात, क्वचित काही विचारतात, पण बहुधा त्याला अडवत नाहीत. गुरुजींच्या गद्याचा ओघच असा आहे की ऐकणाऱ्याने डोळे पुसावेत. आजी मात्र रडतही असे आणि चूकही धरत असे. भावविवशता हा या पुस्तकावरचा नेहमीचा आक्षेप. माझा आक्षेप थोडा वेगळा आहे. त्यातला श्रोता फार लवकर पटवून घेतो.

पोहायला जात नाही म्हणून आई श्यामला मारते, त्या प्रकरणाशी नात थांबली.

“आजोबा, मारलं कशाला? भीती वाटत होती ना त्याला.”

“पुढे वाच, कळेल.”

तिने पुढचे वाचले. श्याम पोहायला शिकला, आईने त्याला जवळ घेतले, सगळे झाले. नातीने पानात बोट ठेवून पुस्तक मिटले.

“ते कळलं. पण मारलं कशाला?”

आश्रमातल्या कुणी हा प्रश्न विचारला होता का, ते पाहायला मी पाने मागे उलटली.