मुंबईला येऊन गायलेलं झांझिबार, आणि आपल्याकडची धवलारीण

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, तिन्हीकडून तुम्ही आलात, लोकलचे धक्के खाऊन आलात, आणि तेही पूर्व आफ्रिकेच्या संगीतावर ऐकायला, याचं आम्हाला अप्रूप वाटतं. विषय जाहीर झाला तेव्हा काहींनी विचारलंच, की इथे शिवमंदिराच्या गावात झांझिबार कुठून आलं? रास्त प्रश्न आहे. त्याचं उत्तर एका प्रवासात आहे, तिथूनच सुरुवात करू.

1928 च्या मार्चमध्ये झांझिबारहून एक गायिका आपल्या साथीदारांसह मुंबईला आली. सिती बिंती साद तिचं नाव. फुम्बा नावाच्या खेड्यात जन्म, घराण्यात गुलामगिरीचा इतिहास, आईनं घडवलेली मातीची भांडी डोक्यावर घेऊन विकायची, असं आयुष्य. एचएमव्हीसाठी तिनं मुंबईत स्वाहिली गाणी म्हटली. पूर्व आफ्रिकेतल्या एखाद्या बाईचा आवाज तबकडीवर येऊन बाजारात विकला गेला तो असा, आपल्या मुंबईत. तोवर झांझिबारच्या कॉफीच्या दुकानांत ग्रामोफोनवर इजिप्तची आणि हिंदुस्थानची गाणी वाजत. सितीच्या तबकड्या गेल्या आणि लोकांनी पहिल्यांदा स्वतःची भाषा त्या भोंग्यातून ऐकली. मग बाकीच्या कंपन्या धावल्याच. बाजाराला वास लवकर येतो.

हे संगीत म्हणजे तारब. सुलतान बरघश यांच्या दरबारात ते रुजलं असं मानतात. हे बरघश गादीवर येण्याआधी बंड फसल्यामुळे मुंबईतच हद्दपारीत राहिले होते, हा जाता जाता सांगण्यासारखा योगायोग. ऊद, कानून, व्हायोलिन, अरबी शब्द, असा सगळा थाटमाट. सितीनं ते दरबारातून उचललं आणि गल्लीत आणलं, स्वाहिलीत. तिच्या गाण्यांत शहरातली बातमी असे. ‘किजिती’ हे गाणं घ्या. एका बाईचा खून होतो, खुनी निसटून जातो आणि कोर्टात शिक्षा होते ती साक्षीला आलेल्या बायकांना. कोर्टाबद्दल असं गाणं ज्या काळात म्हटलं गेलं, त्या काळात झांझिबारवर इंग्रजांचा अंमल होता, हे लक्षात घ्या.

आता आमचा मुद्दा. ती तबकडी आज जगातल्या संग्रहालयांत जपलेली आहे, नव्यानं सीडीवरही आली. पण तिनं जपलं काय? एका बाजूला तीनेक मिनिटं. सितीच्या घरी रात्री जी मैफल जमे, तिथे ऐकणारे मध्येच ओळ उचलत, कालची भानगड आज गाण्यात येई, गाणं लांबत जाई. तबकडीत ऐकणारे नाहीत. आम्ही तबकडीला नावं ठेवत नाही. तबकडी नसती तर आज सितीचा आवाजच नसता. शाबान रॉबर्ट यांनी स्वाहिलीत तिचं चरित्र लिहिलं, तेही तबकडीनं नाव घरोघर नेलं म्हणूनच ना? आमचं म्हणणं एवढंच, की जपणाऱ्यानं आपण काय उचललं आणि काय तिथेच राहिलं, हे दोन्ही लिहून ठेवलं पाहिजे. बहुतेक जण पहिलंच लिहितात.

दुसरं उदाहरण. ह्यू ट्रेसी नावाचे गृहस्थ, ज्यांनी 1954 मध्ये दक्षिण आफ्रिकेत आफ्रिकी संगीताचं मोठं संग्रहालय उभं केलं. 1950 साली ते केनियात किपसिगिस लोकांमध्ये रेकॉर्डिंग करत हिंडले. तिथल्या मुलींनी त्यांना एक गाणं म्हणून दाखवलं, ‘चेमिरोचा’. हा चेमिरोचा कोण, तर जिमी रॉजर्स! अमेरिकेचा गायक. त्याच्या तबकड्या तिथे पोचल्या, नाव जिभेवर घोळून चेमिरोचा झालं, आणि मुलींच्या कल्पनेत तो अर्धा माणूस अर्धा हरीण झाला. गाणं इतकं गोड आहे की जगभर गाजलं. आणि ज्यांनी म्हटलं त्यांच्याकडे? साठाहून अधिक वर्षं प्रत नव्हती. ती परत नेऊन दिली नैरोबीच्या केटेबुल म्युझिकच्या लोकांनी, त्या संग्रहालयाला बरोबर घेऊन. गावात जाऊन, जुने गायक शोधून, त्यांना त्यांचाच आवाज ऐकवला.

केटेबुल ही संस्था ताबू ओसूसा यांनी 2007 मध्ये सुरू केली. स्वतः संगीत बनवणारी, निर्मिती करणारी माणसं. त्यांनी बेंगा या गिटारच्या संगीताचा मागोवा घेतला, गावोगाव फिरतं ध्वनिमुद्रण केलं, पुस्तकं आणि चित्रफिती काढल्या. आम्हाला त्यांचं काम सगळ्यात पटतं, आणि पटतं ते या परत देण्यामुळे. अर्थात एक शंका आहे. परदेशी देणगीवर चालणारं काम देणगीदाराच्या आवडीकडे झुकतं. ‘हरवत चाललेलं’ म्हटलं की पैसा मिळतो, आणि रोजच्या लग्नात धडधाकट वाजणाऱ्या संगीताला कुणी विचारत नाही. झांझिबारची ढाऊ कंट्रीज म्युझिक अकादमी बघा. तिथे मुलं ऊद, कानून, व्हायोलिन शिकतात, तारब शिकतात. म्हणजे खरं जतन तेच की नाही? पण 2019 च्या सुमारास पैशाअभावी ती बंद पडण्याच्या बेतात आली होती. महोत्सवाला प्रायोजक एकदाचा सापडतो, पण शिक्षकाच्या दर महिन्याच्या पगारासाठी तो शोधणं कठीण.

शुद्धतेबद्दलही बोलायला हवं. हा प्रश्न उल्हासनगरकरांना आमच्यापेक्षा जास्त कळेल. मोंबासात जुमा भालो नावाचे लोकप्रिय गायक होऊन गेले, 2014 मध्ये वारले. हिंदी सिनेमाच्या चाली आणि वर स्वाहिली काव्य, ही त्यांची ओळख. लग्नांत गायचं, ते रेकॉर्ड व्हायचं, कॅसेटवरून कॅसेट उतरत जायची. अभ्यासकांपैकी काहींनी याला नक्कल म्हणून नाक मुरडलं. का? मोंबासाच्या माणसाच्या कानावर लहानपणापासून हिंदी गाणं पडतंय, तर ते त्याचंच झालं की! शिवाय तिथल्या तबकड्या काढणाऱ्यांत आसनंद अँड सन्स हे दुकान होतं, ‘म्झुरी’ हे त्यांचं लेबल. आसनंद! हे नाव कॅम्प नंबर तीनच्या बाजारात कुणाला परकं वाटेल? त्यावरून आम्ही काही सिद्ध करत नाही. पण आफ्रिकेचं संगीत गोऱ्या संशोधकांनी वाचवलं ही गोष्ट आपल्याला फार वेळा सांगितली जाते, आणि काउंटरमागे बसून ते विकणारा हिंदी दुकानदार त्या गोष्टीतून गायब असतो. तो काही संत नव्हता. गायकाला एकरकमी हातावर टेकवून मोकळं होण्याची रीत त्या धंद्यात सगळीकडेच होती. पण माल ठेवला त्यानं.

आता आपल्या बाजूला या. आफ्रिकेतून आलेली माणसं आपल्याकडे शतकानुशतकं आहेत. जंजिऱ्याचे सिद्दी सगळ्यांना इतिहासाच्या पुस्तकातून माहीत, तलवारीमुळे. सिंधमध्ये त्यांना शीदी म्हणतात. 1843 मध्ये इंग्रजांशी लढताना पडलेला होशू शीदी सिंधी घरांत आजही आदरानं आठवला जातो. गुजरातेत रतनपूरला बावा गोर यांच्या दर्ग्यावर सिद्दी धमाल करतात, तिला गोमा असंही नाव आहे. स्वाहिलीत न्गोमा म्हणजे ढोल आणि नाचही. मुगरमान हा उभा ढोल, मलुंगा हे एकतारी धनुष्य. नाझीर जैराझभॉय आणि एमी कॅटलिन यांनी 2003 मध्ये यावर चांगला माहितीपट केला. त्याच सुमारास ‘सिदी गोमा’ या नावानं कलाकारांचा संच परदेशी रंगमंचावर जाऊ लागला. पैसा मिळाला, मान मिळाला, हे उत्तमच. मात्र डोक्यावर नारळ फोडला की टाळ्या पडतात, म्हणून तो नारळ कार्यक्रमाचा कळस होतो. दर्ग्यात त्या रात्रीचा कळस पिराची हाजिरी असते. प्रेक्षकाला हा फरक सांगणं हे निवेदकाचं काम, आणि बहुतेक निवेदक ते करत नाहीत, ‘ऊर्जा’ हा शब्द वापरून मोकळे होतात.

झांझिबारच्याच बी किडुडे, 2013 मध्ये गेल्या, अगदी म्हाताऱ्या वयापर्यंत गात होत्या. सितीची गाणी त्या गायच्या, जगभर हिंडल्या, मोठे पुरस्कार घेतले. पण त्यांचं घरचं काम वेगळं होतं. वयात आलेल्या मुलींना लग्नासाठी तयार करण्याचा उन्यागो हा विधी, ढोल वाजवत, फक्त बायकांत, दार लावून. त्या विधीच्या त्या गुरू. जगाला गायिका दिसली, आणि मोहल्ल्याला गुरू.

हे वाचलं तेव्हा आम्हाला धवलारीण आठवली. इथले आगरी लोक हसतायत, म्हणजे ओळख पटली! अंबरनाथ-बदलापूरच्या आसपासच्या गावांत, सगळ्या ठाणे-रायगडात, आगऱ्यांचं लग्न धवलारीण लावायची. धवले गात गात. प्रत्येक विधीला तिचं गाणं, आणि गाणं झालं नाही तर विधी झाला नाही. ती एकाच वेळी गायिका आणि पुरोहित. आता बऱ्याच मांडवांत भटजी असतो, हळदीला डीजे असतो, आणि धवलारणीला लोककला महोत्सवात दहा मिनिटं मिळतात. स्टेजवर तिच्यासमोर नवरी नसते. मग ती कुणाचं लग्न लावते? तसंच सिंधी भगताचं. पायात घुंगरू, अंगात जामा, जोडीदारांबरोबर रात्रभर गाणं, नाच, कथा. कंवरराम भगतांचं नाव घेतलं की वयस्क सिंधी माणूस हात जोडतो, पण त्याच्या नातवाला सिंधी समजत नसेल तर कथेत हसायचं कुठे हे त्याला कोण सांगणार? भगवंती नावाणींचे लाडे लग्नघरात वाजवता येतात, भगताला मात्र समोर भाषा जाणणारी माणसं लागतात.

म्हणून महोत्सव भरवणाऱ्या इथल्या मंडळींशी आमचं भांडण आहे, प्रेमाचंच. तुम्ही मंच देता, शाल देता, नारळ देता. मोबाइलवर चित्रण करून टाकता, त्याखाली बाईचं नाव नसतं, गाव नसतं, कुणाकडून शिकली ते नसतं. ‘पारंपरिक’ असं लिहिलं की झालं. केटेबुलवाल्यांनी साठ वर्षांनी जे निस्तरलं, ते आपण आज पुन्हा करून ठेवतोय. निदान एवढं करा. रेकॉर्डिंग लग्नातच करा, पूर्ण रात्रीचं करा, नवरीच्या घरच्यांना विचारून. गायलेल्या बाईला पैसे द्या आणि प्रत द्या, तिच्या फोनमध्ये वाजेल अशी. तिच्याबरोबर मागे बसून झिलकारी धरणाऱ्या बायकांची नावंही लिहा. बाजूच्या मांडवातल्या डीजेचा आवाज त्यात येईल. येऊ द्या, तो पुसू नका.