'मुळे' या अव्ययाचा भार
(पॅरासिटामॉल, गर्भावस्था आणि न्यायालयातील कारणविचार)

'मुळे' या शब्दयोगी अव्ययाची गणना मराठी व्याकरणकार सामान्यतः करणवाचकांत करतात. 'पावसामुळे वाट अडली' असे म्हणणारा केवळ दोन घटनांचा क्रम सांगत नसतो. एकीने दुसरी घडविली असा निर्णयच तो देत असतो. शब्दाच्या पोटात 'मूळ' आहे, आणि मूळ हाती लागले की शोध संपला अशी ऐकणाराचीही समजूत होते. गरोदरपणी घेतलेल्या पॅरासिटामॉलमुळे मूल स्वमग्न होते काय, हा प्रश्न अमेरिकेतील दाव्यांनंतर मराठीत ज्या शब्दांत विचारला जातो, त्यांची परीक्षा या अव्ययापासूनच सुरू करणे इष्ट होय. वाक्याअखेरच्या प्रश्नचिन्हाने 'मुळे'चा भार हलका होत नाही.

दाव्यांची हकीकत थोडक्यात अशी. भारतात ज्याला पॅरासिटामॉल म्हणतात ते द्रव्य अमेरिकेत ॲसिटामिनोफेन या नावाने, व बहुतेकांच्या तोंडी टायलेनॉल या व्यापारी नावाने, ओळखले जाते. गर्भावस्थेत हे औषध घेतल्याने आपल्या मुलांत स्वमग्नता किंवा अवधानाचा अभाव व अतिचंचलता उद्भवली, आणि वेष्टनावर तशी पूर्वसूचना नव्हती, अशी शेकडो कुटुंबांची तक्रार होती. उत्पादक कंपनी आणि हेच औषध स्वतःच्या छापाने विकणारी मोठी दुकाने यांच्याविरुद्धचे हे दावे २०२२ साली न्यूयॉर्कच्या दक्षिण जिल्ह्याच्या संघीय न्यायालयात एकत्र आणले गेले. न्यायाधीश डेनिस कोट यांनी १८ डिसेंबर २०२३ रोजी वादींच्या पाचही तज्ज्ञांची साक्ष अग्राह्य ठरविली. पुढे आणलेल्या एका तज्ज्ञाची साक्षही जुलै २०२४ मध्ये त्याच वाटेने गेली, आणि वादी अपिलात गेले. या निर्णयाचा अर्थ 'औषध निर्दोष ठरले' असा लावणे चूक आहे. तज्ज्ञ ज्या पद्धतीने निष्कर्षाप्रत आले ती पद्धत न्यायालयात टिकण्याजोगी नाही, एवढेच त्यात ठरले.

त्यांतील एक आक्षेप भाषाभ्यासकाने विशेष ध्यानात घ्यावा असा आहे. वादींच्या प्रमुख तज्ज्ञाने स्वमग्नता आणि अतिचंचलता या दोन अवस्था 'मज्जाविकासाचे विकार' अशा एका व्यापक नावाखाली एकत्र तपासल्या. एकीविषयीचा पुरावा तुलनेने भरीव, दुसरीविषयीचा विरळ. समान नावाच्या छत्राखाली विरळ पुराव्याला भरीव पुराव्याची उसनवारी मिळाली, असे न्यायालयाचे मत पडले. भारतीय कायदा या दोन अवस्थांना एकत्र बसवीत नाही: २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमातील एकवीस प्रकारांत स्वमग्नता स्वतंत्रपणे आहे, अतिचंचलता नाही. मराठीत मात्र 'मुलांचे विकासात्मक विकार' हा प्रयोग इतका सैल झाला आहे की त्यात उशिरा बोलू लागलेले मूलही सहज येते.

दुसरा आक्षेप आनुवंशिकतेचा, पर्यायाने अन्य कारणांचा होता. तो समजण्यास परकीय परिभाषेची आवश्यकता नाही. अन्नंभट्टाचा 'तर्कसंग्रह' शिकलेल्यास 'उपाधी' ही संज्ञा परिचित असते. अग्नी आहे म्हणून धूर असलाच पाहिजे, हे अनुमान सोपाधिक आहे. तापून लाल झालेल्या लोखंडात अग्नी असतो, धूर नसतो. धूर येतो तो ओल्या इंधनाच्या संयोगाने. अग्नी आणि धूर यांचे साहचर्य वारंवार दिसले, तरी ओले इंधन नजरेआड झाल्यास अनुमान फसते. गरोदर स्त्री गोळी घेते ती ताप, संसर्ग, अर्धशिशी अशा कशासाठी तरी. आणि कित्येक कुटुंबांत या अवस्थांचा कल पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला असतो. ओले इंधन ते हेच असण्याचा संभव आहे.

ही उपाधी वेगळी काढण्याचा मोठा प्रयत्न स्वीडनमध्ये झाला. १९९५ ते २०१९ या काळात जन्मलेल्या सुमारे २४ लक्ष ८० हजार मुलांचा हा अभ्यास एप्रिल २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. सरसकट तुलनेत गोळी घेतलेल्या मातांच्या मुलांत दोन्ही अवस्थांचे प्रमाण किंचित अधिक दिसले. एकाच मातेच्या मुलांची परस्परांशी तुलना करताच ते आधिक्य नाहीसे झाले. तथापि या अभ्यासालाही आक्षेप आहे, आणि तो क्षुल्लक नाही: त्यातील नोंदींप्रमाणे केवळ साडेसात टक्के गर्भवतींनी हे औषध घेतले होते, जे अन्यत्र आढळणाऱ्या प्रमाणाहून फारच कमी आहे. ज्यांनी घेतले पण सांगितले नाही, त्या 'न घेतलेल्यां'त मोजल्या गेल्या असाव्यात.

२२ सप्टेंबर २०२५ रोजी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी गर्भवतींना हे औषध टाळण्याचे जाहीर आवाहन केले, तेव्हा त्यांच्याच औषध प्रशासनाच्या लेखी निवेदनात साहचर्य आढळले असले तरी कार्यकारणभाव सिद्ध नाही, असा भेद राखलेला होता. उच्चारित वाक्यात तो गळाला. मराठीत 'संबंध' या एकाच शब्दाने दोन्ही अर्थ चालविले जातात, म्हणून तो लेखी वाक्यातही गळतो. 'साहचर्य' हा न्यायशास्त्राने घासूनपुसून दिलेला शब्द असताना वृत्तलेखनाने त्याची उपेक्षा का करावी, हे कळत नाही.

असा दावा उद्या नवी मुंबईत उभा राहिल्यास त्याची भाषा कोणती असेल? बेलापूरच्या कोकण भवनात अतिरिक्त ठाणे जिल्हा ग्राहक मंचाचे काम चालत आले आहे, आणि महाराष्ट्रातील अशा मंचांचे कित्येक आदेश मराठीत आहेत. 'तक्रारदार', 'सामनेवाले', 'सेवेतील त्रुटी' ही त्यांची परिभाषा मुख्यत्वे सदनिकांच्या ताब्यावरून आणि विम्याच्या रकमांवरून घडली. 'ताबा न दिल्यामुळे नुकसान झाले' या वाक्यात 'मुळे' निर्धोक असते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमातील कलम ८४ पुरेशा सूचनेच्या अभावाबद्दलही उत्पादकाला जबाबदार धरते. परंतु 'सूचना नसल्यामुळे मुलाची ही अवस्था झाली' या वाक्यात तीन दुवे एका अव्ययात कोंबले जातात. सूचना नव्हती, ती असती तर गोळी घेतली नसती, आणि गोळीने ही अवस्था आणली. प्रत्येकाला स्वतंत्र पुरावा लागेल.

त्यातही कोणती गोळी, हे प्रथम ठरले पाहिजे. वाशी-नेरुळच्या औषधांच्या दुकानांत गिऱ्हाईक क्रोसिन किंवा डोलो मागते, अथवा नुसती 'तापाची', 'अंगदुखीची' गोळी. दुकानदार पट्टीतून चार गोळ्या कात्रीने कापून देतो. नाव आणि इंग्रजी सूचना पुष्कळदा दुकानातच राहतात. काँबिफ्लॅममध्ये पॅरासिटामॉलबरोबर आयब्युप्रोफेनही असते. मराठी लेखनातील 'वेदनाशामक' हा शब्द या सर्वांना एकाच पंक्तीस बसवितो, आणि येथे तो निव्वळ अशास्त्रीय न राहता घातक ठरतो. कारण गर्भाच्या विसाव्या आठवड्यानंतर आयब्युप्रोफेनच्या जातीची औषधे टाळावीत, त्यांनी गर्भाच्या मूत्रपिंडाला अपाय होऊन गर्भजल घटू शकते, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्येच दिला होता. पॅरासिटामॉलच्या भयाने एखादी स्त्री दुसरी 'अंगदुखीची गोळी' घेईल, किंवा चढलेला ताप अंगावर काढील.

वाशी येथे नवी मुंबई महानगरपालिकेचे दिव्यांगांसाठीचे ईटीसी केंद्र आहे. अशा कोणत्याही केंद्रात मुलाची प्रथम तपासणी होताना मातेला गरोदरपणाचा पूर्वेतिहास विचारला जातो, आणि पुष्कळदा सासूबाई शेजारीच बसलेल्या असतात. 'पाचव्या महिन्यात ताप होता. त्या दिवसांत गोळी घेतली' हे तिचे उत्तर जसेच्या तसे लिहिता येते. घरी परतेपर्यंत त्याचे 'हिने गोळी घेतल्यामुळे' असे रूपांतर झालेले असते. ते वाक्य पुढे तिला कोणत्याही न्यायालयाबाहेर ऐकावे लागते, आणि तेथे साक्ष अग्राह्य ठरविणारे कोणी नसते.